गळक्या नळाची चित्रं

जलजागृती सप्ताह चालू आहे, त्यामुळे शाळाशाळांच्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत. मराठवाड्यातल्या एका शाळेत परवा बक्षीस द्यायला गेलो होतो. जवळजवळ प्रत्येक चित्रात तोच गळका नळ, खाली बादली आणि वर ‘पाणी वाचवा’. या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. आणि शाळेच्या कुंपणापलीकडे काळ्या प्लास्टिकचं शेततळं काठोकाठ भरलेलं. ते एकाही चित्रात नाही. मला राग आला, आणि तो मुलांवर नव्हता.

 आज फक्त एक हिशेब मांडतो. नळाची चकती गेली तर दिवसाला फार तर वीसेक लिटर पाणी वाया जाईल. आता कुंपणापलीकडचं तळं घ्या. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं सगळ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल असायचं. ते काठोकाठ भरलं की ९०० चौरस मीटर पाणी उन्हाला उघडं पडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. म्हणजे रोज ७,२०० लिटर. दोन दिवसांत एक टँकर आणि वर थोडं. एका तळ्यातून. बाग भिजवायला काढलेलं पाणी यात धरलेलंच नाही. हा गुणाकार सातवीच्या मुलाला येतो, पण त्याला तो घालतं कोण?

हे पाणी पावसाळ्यात वाहून जाणारं असतं तर माझी तक्रार नव्हती. योजनेचा हेतू तोच होता. पण दिवाळीच्या आगेमागे विहिरीवरची नाही तर बोअरवरची मोटर लावून तळी भरली जातात, हे शिवारात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आपला काळा खडक पाणी साठवून ठेवतो तो वरच्या पिचलेल्या मुरमात आणि भेगांत. तिथे तुझं-माझं अशी वाटणी नसते. एकाने उपसलं की शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी तळ दाखवते. मोसंबी जगवणाऱ्याला मी चोर म्हणत नाही. झाडं वाळताना बघणं काय असतं ते मी पाहिलं आहे. पण जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी उपसून एकाच्या नावाने उन्हात ठेवायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं, हे मला मान्य नाही.

मागच्या उन्हाळ्यात हेच लिहिलं तेव्हा पत्रांतून कडवंचीचा दाखला आला. जालन्याजवळच्या त्या गावात शेततळी आहेतच, द्राक्षंही आहेत. पण तिथे १९९६ पासून आधी माथा ते पायथा पाणलोटाचं काम झालं. चर, बांध, नालाबांध, सगळं. तळी मागून आली. हा क्रम विसरून कडवंचीचं नाव घेऊ नये.

पाण्याचा हिशेब गावाने कसा ठेवायचा, याला हिवरे बाजारचं उदाहरण मी पुन्हा देणार, कंटाळा आला तरी. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याला किती, जनावरांना किती, उरलं तर रब्बीला किती. पाऊस कमी, तर पेराही कमी. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. हे लोकांनी मानलं, कारण आकडे सगळ्यांसमोर होते. त्याआधी १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावला पाणी पंचायतीत पाण्याची वाटणी जमिनीवर न करता घरातल्या माणसांवर केली आणि भूमिहीनालाही वाटा दिला. नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचा विषय आला तेव्हा मला वाटलं होतं, आता हे वर्गात येईल. पण श्रेणीच्या विषयाला तास मिळतो तो गणिताचा पोर्शन संपला तर.

आणि खरं कारण वेगळंच आहे. गळक्या नळाच्या चित्राने गावात कुणी दुखावत नाही. ताळेबंद मांडला की नावं येतात, आणि ती नावं शाळा व्यवस्थापन समितीतही असतात. गुरुजींची अडचण मला कळते. तरीही मुलांना खोटी गोष्ट शिकवायची नसेल तर वाट काढावी लागेल.

वाट निघते. एका शिक्षिकेने गेल्या जूनमध्ये पहिल्या पुराचं पाणी दोन ओढ्यांतून बाटल्यांत भरून आणायला लावलं. एका ओढ्याच्या वरच्या डोंगरावर सलग समतल चर आहेत, चराईबंदी आहे, गवत गुडघ्याएवढं. दुसरा डोंगर उघडा. बाटल्या रात्रभर खिडकीत ठेवल्या. सकाळी एकीच्या बुडाला साय धरावी तेवढाच गाळ, दुसरीत दोन बोटं. वर पाणी चहासारखं. पट्टी लावून मुलांनी वहीत उंची लिहिली. दोन दिवसांनी एका मुलाचे वडील शाळेत आले आणि बराच वेळ बाटली फिरवून बघत राहिले. त्यांचं वावर उघड्या डोंगराच्या पायथ्याशी, आणि नांगरट उताराच्या दिशेने. बाईंनी त्यांना काही ऐकवलं नाही. आडवी पेरणी कशी करायची हे त्यांनीच विचारलं.

माझा जुना हट्ट आहेच: प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक हवा. सरकारी आकडा महसूल मंडळाचा असतो, आणि मंडळात गावं किती, पाऊस कसा गावागणिक बदलतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला म्हणजे १०,००० लिटर. एवढ्यावर अख्ख्या शिवाराचा जमेचा रकाना मुलं भरू शकतात.

खर्चाच्या रकान्याची सुरुवात याच महिन्यात करता येईल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, त्यातली एक मोजणी मार्चची. तुमच्या भागातली निरीक्षण विहीर कुठली हे विचारून घ्या, पातळी मोजायला माणूस येईल त्या दिवशी आठवीचा वर्ग तिथे न्या, आणि आकडा फळ्यावर लिहून मेच्या मोजणीपर्यंत पुसू नका.