मिठाला जागावं!

परवा आत्याकडे जेवायला गेले होते. पानातलं मीठ गुलाबीसर दिसलं. "आत्या, उपास आहे का गं आज?" तर म्हणते, "नाही गं, आता रोजच सैंधव. त्या पाकिटातल्या मिठातल्या आयोडीनने थायरॉइड बिघडतो आणि वजन वाढतं." समोरच वहिनी बसली होती. तिला तिसरा महिना! माझा घास तोंडातच राहिला.

वजन वाढलं की खापर फोडायला थायरॉइड बरा सापडतो. तो मंदावला की वजन वाढतं हे खरंच. पण साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातही बराच वाटा अंगात साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा. वीस किलोंचा हिशोब त्यात बसत नाही. गंमत म्हणजे कधी कधी गाडी उलटी असते. लठ्ठपणामुळेच टीएसएच थोडं चढतं, आणि वजन उतरलं की पुष्कळदा तेही उतरतं.

आणि आयोडीन? थायरॉइडचं संप्रेरक त्याच्याशिवाय बनतच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. फार कमी पडलं तर आईला गलगंड होऊ शकतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनचं मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या खटाटोपाने घरात आलेली गोष्ट आपण फॅशनपायी घराबाहेर काढायची? आयोडीन न मिसळलेल्या सैंधवात ते नसल्यातच जमा.

आता दुसरं टोकही नको. वजन उतरवायला म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेणारेही आहेत. अति आयोडीननेही थायरॉइड बिघडतो.

माझं मत विचाराल तर साधं आहे. मीठ कमी करा, पण आयोडीन सोडू नका. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं हं! वजनाचं उत्तर मिठाच्या बरणीत नाही. ते पानात किती वाढून घेतो आणि दिवसभरात किती चालतो, यात जास्त आहे.

आत्या "बघू" म्हणाली. निघताना वहिनीने मात्र हळूच विचारलं, "येताना साधं मीठ आणशील?"

असो. तुमच्या घरातलं पाकीट एकदा उलटून बघा.