बीएस्सी, एलएलबी, ख्याल

परवा लंच-टाइममध्ये संगीतातल्या एमएचा फॉर्म चाळत बसले होते. शेजारचा सहकारी म्हणाला, ‘आणि तुझ्या इंजिनीअरिंगचं काय लोणचं घालणार?’ मी गप्प. डोक्यात फ्लॅटचे हप्ते! उत्तर सुचलं ते परतीच्या लोकलमध्ये, नेहमीसारखं.

अरे बाबा, प्रभाताई अत्रे! फर्ग्युसनमधून बीएस्सी, मग आयएलएसमधून चक्क कायदा. गाण्याची सुरुवातही योगायोगानं. आईची तब्येत बरी नसायची, कुणीतरी सुचवलं, पेटी शिका. आईनं लवकरच सोडलं, लेकीनं नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकरांकडे तालीम, मग आकाशवाणीत नोकरी, सरगमवर डॉक्टरेट आणि एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागप्रमुख. कायदा वाया गेला म्हणणाऱ्यांनी त्यांचं ‘स्वरमयी’ वाचावं. मुद्दा कसा मांडतात बाई! २०२४च्या जानेवारीत त्या गेल्या.

मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे, तेही कायदा शिकलेले. (वकिलांचं हे काय प्रकरण आहे कोण जाणे.)

फॉर्ममध्ये ‘यापूर्वीचे शिक्षण’ असा रकाना आहे. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं : बी. ई., सिव्हिल. फी शुक्रवारी भरतेय. आईला अजून सांगायचंय.