जप्त केलेले पुस्तक

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्या पहिल्याच आठवड्यात दहावीतील एका विद्यार्थ्याच्या बाकाखालून मी एक इंग्रजी चित्रकथा काढून घेतली. तास व्याकरणाचा होता; मुलाचे मन तासात रमले नाही यात त्याचा दोष किती आणि माझा किती, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. मधल्या सुट्टीत ते पुस्तक शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरले. पानोपानी अंधार, रक्त, नरकातील आकृती, तोंडात अखंड सिगारेट धरलेला एक अव्यवस्थित इसम, आणि त्याच्या मुखी अशी भाषा की, इंग्रजीच्या शिक्षकांनी पुस्तक मिटून मुकाट्याने चहाचा पेला उचलला. मुलाच्या पालकांना बोलवावे असे ठरले, आणि आक्षेपार्ह पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या घालून आणण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या रात्री मी ते पुस्तक सबंध वाचले. चिठ्ठी एकच घातली, आणि तीही सैतानाच्या पानावर नव्हे.

हे पुस्तक काय आहे ते आधी सांगते. ‘हेलब्लेझर’ नावाची एक चित्रमालिका अमेरिकेत १९८८ साली निघू लागली आणि ३०० अंकांनंतर २०१३ साली बंद झाली. प्रकाशक अमेरिकन, परंतु तिचा नायक जॉन कॉन्स्टंटाइन हा इंग्लंडातील लिव्हरपूलचा. अ‍ॅलन मूर या लेखकाच्या ‘स्वॉम्प थिंग’ या मालिकेत तो १९८५ साली प्रथम अवतरला. पुढे १९९१ साली गार्थ एनिस या उत्तर आयर्लंडच्या लेखकाने त्याच्यावर ‘डेंजरस हॅबिट्स’, म्हणजे ‘घातक सवयी’, ही सहा अंकांची कथा लिहिली. चित्रे विल सिम्पसन यांची. एनिसचे वय त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. माझ्या हाती आले ते या सहा अंकांचे एकत्र पुस्तक.

कॉन्स्टंटाइन हा मांत्रिक खरा. पण आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तसा जटाधारी मांत्रिक नव्हे. चुरगळलेला लांब कोट, सैल झालेला गळपट्टा आणि वाढलेली दाढी. नायकाला शोभावा असा गुण त्याच्यात शोधूनच काढावा लागेल. तो खोटे बोलतो, मित्रांना संकटात लोटून स्वतः निसटतो, आणि मागाहून झुरतो. पराक्रम म्हणावा तर एकच. समोरच्याला, मग तो मनुष्य असो की पिशाच, शब्दांत गुंतविणे. अशा माणसाला नायक का करावे, असे पालक विचारतील. मलाही प्रथम तेच वाटले.

परंतु या कथामालिकेत एक गोष्ट अशी आहे, जी तिच्या भावंडांत सहसा आढळत नाही. सुपरमॅन १९३८ साली जन्मास आला. एवढ्या वर्षांत त्याच्या केसांची पांढरी बट दिसली नाही. कॉन्स्टंटाइनचे तसे नाही. त्याची जन्मतारीख १० मे १९५३ अशी ठरलेली आहे आणि वाचकाबरोबर तोही वर्षावर्षाने म्हातारा होत जातो. ज्याचे वय वाढते त्याला मरण येणार, हे ओघानेच आले. म्हणून १९९१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, खोकता खोकता त्याच्या तोंडातून रक्त पडते. डॉक्टर त्याला समोर बसवून सांगतात की, त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे आणि तो आता बरा होणार नाही.

माझी चिठ्ठी या पानावर आहे.

का, ते सांगायचे तर घरातली गोष्ट उघडी करावी लागते. माझे बाबा बसवर वाहक होते. विडीचा त्यांना विलक्षण नाद. मी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात असताना त्यांचा खोकला वाढला, तपासण्या झाल्या, आणि वडीलधाऱ्यांनी आपापसांत ठरविले की रोगाचे नाव त्यांच्या कानी जाऊ द्यायचे नाही. घरात त्या रोगाला ‘जुनाट खोकला’ म्हणावयाचे. कागद कपाटात, कपाटाची किल्ली काकांकडे. हे सगळे प्रेमापोटी झाले, याविषयी मला आजही शंका नाही. एका संध्याकाळी मी औषध देण्यास गेले असता ते कुशीवर वळले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘ही खोंकली न्हय, म्हाका खबर आसा.’’ मी काय केले? ‘‘बाबा, तुम्ही बोलू नका, दम लागेल,’’ असे म्हणून दिवा मालविला. बोलण्याची त्यांनी दिलेली ती एकच संधी होती, आणि ती मी अशी घालविली. पुढे दीड महिन्याने ते गेले.

हे सारे मनात असताना एका असभ्य, खोटारड्या मांत्रिकाच्या तोंडावर एक अनोळखी डॉक्टर खरे बोलतो आणि तो मांत्रिक ते ऐकून घेतो, हे चित्र मी किती वेळ पाहत राहिले, हे माझे मलाच ठाऊक नाही.

आपण शिक्षक आणि पालक अशा पुस्तकांतल्या भुतांना भितो, असे म्हणतो. मला ते खरे वाटत नाही. आमच्या गोव्यात भुतांचे भय कोण बाळगणार? आमोण्याला आणि पैंगीणला वेताळ हा देव आहे. त्याची मूर्ती आहे, पूजा आहे, उत्सव आहे. विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत कथा सांगते, आणि त्या कथा आम्ही निर्धास्तपणे पाचवीच्या मुलांना सांगतो. माझ्या बाबांच्या लोखंडी ट्रंकेत १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे जुने मराठी अंक होते; त्यांतला ‘वेताळ’ म्हणजे ली फॉकचा १९३६ मधला फँटम. जंगलातले लोक त्याला अमर समजत. वस्तुतः प्रत्येक वेताळ मरतो आणि त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवितो, हे गुपित बाबांनी मला लहानपणी कानात सांगितले होते. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती. मरण मुखवट्याआड असले की ते कोणाला टोचत नाही. या पुस्तकात भुते पुष्कळ आहेत, परंतु मरण मात्र इस्पितळातले आहे. आणि टोचते ते तेच.

कथेतील पुढचा भाग झपाट्याने सांगते. कॉन्स्टंटाइन आयर्लंडात ब्रेंडन नावाच्या जुन्या मित्राकडे जातो. हा ब्रेंडन मद्याने यकृत पोखरून मरणाच्या दारी आलेला, शिवाय उत्तमोत्तम मद्यांच्या संग्रहापायी त्याने आपला आत्मा सैतानाला विकलेला. सैतान वसुलीला येतो, तेव्हा कॉन्स्टंटाइन त्याला मद्याच्या रूपातले पवित्र पाणी पाजतो, वसुलीची वेळ टळते आणि मित्राचा आत्मा सुटतो. सैतानाचा मात्र कॉन्स्टंटाइनवर असा दात बसतो की, मेल्यावर आपले काय होणार हे त्याला पुरते कळून चुकते. मग तो देवदूत गॅब्रिएलपुढे पदर पसरतो. तेथे नकार मिळतो. शेवटी तो एक युक्ती करतो. नरकाचे सत्ताधीश तीन. पहिला त्याच्या आत्म्यावर टपलेलाच आहे. तेव्हा तो आपला आत्मा उरलेल्या दोघांना वेगवेगळा, एकमेकांच्या नकळत, विकून टाकतो. तो मरू लागताच तिघेही हक्क सांगण्यास हजर! आता भांडावे तर नरकात युद्ध पेटेल आणि त्याचा लाभ स्वर्गाला होईल. म्हणून नाइलाजाने त्याचा कर्करोग बरा करणे त्यांना भाग पडते. तो उठतो आणि त्यांना हाताने एक अत्यंत अशिष्ट खूण करून निघून जातो.

युक्ती बिनतोड आहे यात वाद नाही. सैतानाशी करार ही युरोपातली जुनी कथा. मार्लोच्या नाटकातला डॉक्टर फॉस्टस चोवीस वर्षांचे वैभव भोगून अखेर नरकात ओढला जातो; येथे तोच करार उलटवून सैतानाच्याच गळ्यात बांधला आहे. आपल्या वाचकांना मात्र अधिक आठवेल ती महाभारतातली सावित्री. सत्यवानापासून शंभर पुत्र व्हावेत असा वर मागून तिने यमाला त्याच्याच शब्दांत बांधले, आणि पतीचे प्राण परत देण्यावाचून त्याला मार्ग ठेवला नाही. दोघांनीही मृत्यूला बळाने नव्हे, बुद्धीने हरविले. पण सावित्री यमाच्या मागे गेली ती दुसऱ्याच्या प्राणांसाठी. कॉन्स्टंटाइनची ही शेवटची खटपट केवळ स्वतःसाठी आहे. या मालिकेवरून २००५ साली निघालेल्या चित्रपटात हा भाग बदलला आहे. तेथे नायक दुसरीच्या आत्म्याची मुक्तता मागतो, आणि अखेरीस सिगारेटही सोडतो. हा शेवट अधिक सोज्ज्वळ आहे. मला मात्र तो सोयीस्कर वाटला. चित्रकथेतला कॉन्स्टंटाइन बरा होतो, सुधारत नाही. पुढच्या अंकांतूनही त्याची सिगारेट सुटत नाही. बाबांच्या पथ्याला बसून त्यांना उशीखालून विडी काढताना पाहिलेल्या मला यात काहीच अशक्य वाटले नाही.

पुस्तकातील ज्या व्यक्तीविषयी कोणी फारसे बोलणार नाही, तिच्याविषयी मात्र मला बोलायचे आहे. इस्पितळात कॉन्स्टंटाइनची मॅट नावाच्या एका म्हाताऱ्याशी ओळख होते. त्यालाही तोच रोग. त्याला मंत्र येत नाहीत, सैतानाशी त्याचे काही देणेघेणे नाही. दोघे बसतात, बोलतात, इतकेच. नरकाचे तिन्ही राजे येतात ते मांत्रिकाच्या खाटेशी. मॅटच्या खाटेशी कोणी येत नाही. माझ्या मते सबंध पुस्तकाचा तोल या म्हाताऱ्यामुळे राहिला आहे. तो नसता, तर ‘हुशारीने कर्करोग बरा होतो’ एवढेच मुलाच्या मनावर ठसले असते, आणि मग मीदेखील आक्षेपाच्या चिठ्ठ्या घातल्या असत्या.

तंबाखूच्या बाबतीत आपण मुलांना भीती घालीत नाही असे थोडेच आहे? तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या शास्त्रज्ञांनी १९५० साली मांडला. आपल्या देशात २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकू नये असा कायदा आहे. एकशे एकाव्या यार्डावर ते चित्र आमची मुले रोज पाहतात. त्या चित्रात सडलेला अवयव असतो. तो ज्याचा आहे तो माणूस, त्याची बायको, त्याचे मित्र, रात्री त्याच्या मनात काय येते, यांपैकी काही नसते. या पुस्तकात ते आहे. मग पाकीट दुकानात उघडे आणि पुस्तक मात्र जप्त, हा न्याय मला समजत नाही.

याचा अर्थ हे पुस्तक सातवीच्या मुलाच्या हाती द्यावे असा कोणी काढू नये. ही मालिका प्रौढ वाचकांसाठी आहे, असा निर्देश तिच्या प्रकाशकांनीच केला होता, आणि तो योग्य होता. भाषा ओंगळ आहे. काही चित्रे मला स्वतःला पाहवली नाहीत. परंतु जो मुलगा चार महिन्यांत शाळा सोडून जगात जाणार, त्याने ते वाचलेच, तर अपराध्यासारखे बाकाखाली वाचू नये. ते त्याच्याबरोबर वाचणारे, निदान त्याविषयी त्याच्याशी बोलणारे, एखादे मोठे माणूस असावे. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला आणि धन, राज्य, आयुष्य सारे नाकारून त्याने मृत्यूचेच रहस्य विचारले, ही कथा आपण भाषणांत मोठ्या अभिमानाने सांगतो. तोही मुलगाच होता, हे भाषण संपल्यावर विसरतो.

पालकांना बोलावणे गेलेच होते. मुलाची आई आली. तिने पुस्तक चाळले, मागची किंमत पाहिली आणि ‘‘एवढ्या पैशांत तीन गाइडे आली असती हो बाई,’’ म्हणून सुस्कारा टाकला. तिचा दुसरा कोणताही आक्षेप नव्हता. माझ्या सहकाऱ्यांचे अजूनही आहेत, आणि ते सगळेच चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मुलाला परत केले. चिठ्ठी काढावयाची राहून गेली होती. त्याने ते पान उघडून विचारले, ‘‘बाई, खूण इथे का?’’ मी त्याला बाबांविषयी सांगितले. वर लिहिले आहे तेवढेच. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग पाने उलटीत मॅटपाशी आला आणि म्हणाला, ‘‘तिघा राजांना एवढे कोंडीत पकडले होते, तर याने म्हाताऱ्यालाही बरे करा असे का नाही सांगितले?’’

मला हे सुचले नव्हते. मी पुस्तक आणखी एका रात्रीपुरते त्याच्याकडून मागून घेतले.