लांडगा, सावकार आणि राखी

पोलोग्राउंडच्या कारखान्यांची कर्जखाती सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे संताची गोष्टही मी करार म्हणूनच वाचतो.

असिसीचा संत फ्रान्सिस श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा. बापाची दौलत सोडून त्यानं १२०९ मध्ये संघ स्थापला. आख्यायिका सांगते, गुब्बियो गावाला एका लांडग्यानं हैराण केलं होतं. फ्रान्सिसनं त्याला मारलं नाही, करार केला. लांडग्यानं कुणाला त्रास द्यायचा नाही आणि गावानं त्याला रोज खायला द्यायचं.

भाबडी कथा, असं लोक म्हणतात. मला नाही पटत. फ्रान्सिसच्याच परंपरेतल्या सिस्टर राणी मारिया आपल्या इंदूरजवळ उदयनगरला गरिबांना सावकारी पाशातून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना बसमध्ये समंदरसिंहनं त्यांना भोसकून मारलं. पुढं त्यांच्या बहिणीनं, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. शिक्षेची बरीच वर्षं त्यानं भोगलीच. म्हणजे माफी दिली, पण खातं बुडीत नाही टाकलं. २०१७ मध्ये इंदूरातच राणी मारियांना धन्य घोषित केलं.

राखीचं कौतुक आपण सगळेच करतो हो. पण करार गावावरही बंधनकारक होता, हे विसरतो. गरिबाला रास्त व्याजाचं कर्ज वेळेवर मिळत नसेल, तर तो सावकाराकडेच जाणार. तोवर आपल्या बाजूचा हप्ता थकलेलाच समजा.