ठेव कुळाची, व्याज धन्याचं

इंग्लंडात हेरेफर्डशायर परगण्यात गार्वे नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चशेजारच्या शेतावर 1326 साली बांधलेला दगडी कबुतरखाना अजून उभा आहे. गोल, जाडजूड, आणि आत भिंतीभर कोनाडे. मोजून 666! बायबलात हा आकडा सैतानी श्वापदाचा, म्हणून लोक डोकं खाजवत बसतात. मी म्हणतो, सैतानाला कशाला मध्ये ओढता? बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा. हे सरळ सरळ लॉकर आहेत.

कबुतरखाना म्हटलं की आपल्याला दाणे टाकून पुण्य जोडणारी मंडळी आठवतात. इथे पुण्याचा काही संबंध नव्हता, जरी बांधणारे नाइट्स हॉस्पिटलर म्हणजे गरिबीची शपथ घेतलेले धर्मयोद्धे असले तरी! कबुतराची जोडी एका वेळी दोन पिलं देते, तेही वर्षातून कित्येकदा. पिलू चार आठवड्यांचं झालं, की उडायला शिकायच्या आत ताटात. मुद्दल कोनाड्यात शाबूत, व्याज रश्श्यात! विष्ठासुद्धा वाया जात नसे. ती शेताला खत म्हणून जाई.

आता प्रश्न एवढाच, की भरणा कोण करत होतं? कबुतरं काही कोनाड्यात बसून एकादशी करत नव्हती. सकाळी उडायची, आसपासच्या कुळांच्या शेतात उतरायची, पेरलेलं वेचायची आणि संध्याकाळी धन्याच्या घरी जमा! त्या काळी कबुतरखाना ठेवायचा मान जहागीरदारांचा आणि मठांचा. कुळाने आपलंच धान्य जाताना नुसतं बघायचं. गोफण उगारायची सोय नाही.

असल्या वास्तूपुढे ‘अहाहा, काय ते शांत ग्रामीण जीवन!’ म्हणून हळवे होणारे महाभाग भेटले, की माझं डोकं फिरतं. वास्तू जपा, जरूर जपा. सातशे वर्षं टिकलेलं बांधकाम आहे. आमच्या सोसायटीचा जिना सात वर्षं टिकला नाही. पण जिच्या पायात कुळांचं बियाणं गेलं, तिचं नुसतं कौतुक काय करता? फ्रान्सची रयत असली हळवी नव्हती. 1789 साली बॅस्टिल पडल्यावर महिन्याभरातच तिथल्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले. त्यात कबुतरखान्याचा हक्कही नाव घेऊन रद्द केला. उगाच नाही!

गार्वेचे कोनाडे मोजून झाले. कुळांच्या रिकाम्या कणग्या कुणी मोजल्या? तोवर ह्या खात्याचा ताळा जुळला, अशी सही मी तरी करणार नाही.