वतनाची जमीन : तुकडे शेतात, एकत्र फक्त कागदावर

जुन्नर-आंबेगाव भागात कुकडी प्रकल्पाचे पाणी आले आणि जमिनीचा भाव पालटला. पुणे-नाशिक महामार्गामुळे पिंपळवंडी, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात गुंठ्याला किंमत आली. अशा वेळी आपल्या समाजाच्या वाट्याला आलेल्या महार वतनाच्या जमिनीचे, म्हणजे हाडकी-हाडवळ्याचे, काय होणार हा प्रश्न आपण टाळू शकत नाही.

वतन ही व्यक्तीची नव्हे, सेवेची जमीन होती. गावकीच्या कामाच्या बदल्यात ती साऱ्या भावकीला मिळून असे. बाबासाहेबांनी ही गुलामीची बेडी ओळखली आणि 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने सेवा संपली आणि भोगवटा मूल्य भरून जमीन पुन्हा वतनदारांच्या नावे झाली. मात्र त्याच कायद्याच्या कलम 5 ने अट घातली : जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येणार नाही आणि सरस-निरस वाटपही करता येणार नाही.

परिणाम काय झाला? सातबाऱ्यावर चार पिढ्यांचे वारस एकत्र आणि प्रत्यक्षात प्रत्येकाच्या कब्जात दोन-चार गुंठे. मोजणी नाही, हद्द नाही, म्हणून पीककर्ज नाही आणि विहिरीचा प्रस्तावही अडतो. दुसरीकडे 1947 चा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा आहे. त्याखाली 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरले. आपले अनेक हिस्से त्याहूनही लहान आहेत.

मग तुकडे जोडले की प्रश्न सुटला का? बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात याचे उत्तर दिले होते. शेत लहान की मोठे हे एकरांवर नव्हे, तर त्यावर किती भांडवल, अवजारे आणि मजूर लागतात यावर ठरते. शेतीवरचा जादा भार उद्योगांनी उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1927 मध्ये धारणक्षेत्र अविभाज्य करणाऱ्या सरकारी विधेयकाला त्यांनी विरोध केला, कारण त्यातून अनेक वारस भूमिहीन झाले असते. त्यांनी सुचवलेला मार्ग सहकारी शेतीचा होता. मालकी सर्वांची, कसणे एकत्र.

आज एकत्रीकरण होतेच आहे, पण ते दलाल करतात. एकेका वारसाची सही घ्यायची, कुलमुखत्यारपत्र करायचे आणि सगळा गट एका हाती न्यायचा. नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्यातील मुंढवा येथील सुमारे 40 एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावर वादळ उठले आणि सरकारला चौकशी लावावी लागली. तिथे निदान बातमी तरी झाली. गावोगावच्या पाच-दहा गुंठ्यांची बातमी होत नाही.

म्हणून तरुणांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, 1958 नंतरचा फेरप्रदान आदेश, जुने फेरफार, सातबारा आणि आठ-अ मिळवून भावकीचा वारसतक्ता पूर्ण करावा. मुंबई-पुण्यात राहणारे आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी यांची नावे सुटता कामा नयेत. दुसरे, सर्व हिस्सेदारांची बैठक बुद्धविहारात घेऊन कोणीही एकट्याने सही करायची नाही, असा लेखी ठराव करावा. तिसरे, हिस्से कायम ठेवून एक विहीर, एक पाइपलाइन आणि एक पीक यासाठी गट किंवा सहकारी संस्था उभी करावी. ज्यांचे कब्जे परस्परांच्या जमिनीत 12 वर्षांहून अधिक काळ आहेत, त्यांच्यासाठी अदलाबदलीची सलोखा योजना आहे. वतन जमिनीबाबत मात्र आधी तहसील कार्यालयात लेखी विचारणा करावी.

वतनाची गुलामी गेली, जमीन राहिली. ती जोडायची असेल तर भावकीने जोडावी, नाहीतर दुसरे कोणीतरी जोडून घेईल. जय भीम!