ग्रंथालयाचे संकेतस्थळ खुले आहे, पण कोणासाठी?

शासनाच्या कोणत्याही खात्यात जा, उत्तर ठरलेले असते : "सर्व माहिती आमच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे." सार्वजनिक ग्रंथालयेही आता हेच सांगू लागली आहेत. ग्रंथसूची संकेतस्थळावर, सभासदत्वाचा अर्ज संकेतस्थळावर, अभ्यासिकेतील रिकाम्या जागांची सूचनाही संकेतस्थळावर. पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा फिरत असतो आणि तो वाढला की अधिकारी समाधान पावतात. परंतु त्या भेट देणाऱ्यांपैकी किती जणांना हवे ते सापडले आणि किती जण रिकाम्या हाताने परतले, हा आकडा कोणत्याही पानाच्या तळाशी नसतो. परत गेलेल्यांत आपला माणूस किती असेल, हा माझा प्रश्न आहे.

"खुले आहे" या शब्दांचा अनुभव आंबेडकरी समाजाला नवा नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण तळ्याला आपल्या माणसाची ओंजळ लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बांधवांसह तळ्यावर चालत गेले, पाणी प्यायले, आणि तो ठराव किती खरा होता हे त्यानंतर झालेल्या हल्ल्याने जगाला दाखवले. पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असे नाही, हे महाडने आपल्याला शिकवले.

संकेतस्थळाची आणि चवदार तळ्याची बरोबरी मी करत नाही. तळ्यावर गेलेल्यांची डोकी फुटली होती, येथे फार तर हिरमोड होतो. पण एखादी गोष्ट खुली आहे की नाही हे तपासण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. ज्याची अडवणूक होण्याचा संभव सर्वात जास्त, त्यानेच तेथे जाऊन पाहिले पाहिजे. तथागतांनी आपल्या धम्माविषयीही "एहिपस्सिको", म्हणजे ये आणि पहा, असेच म्हटले. मग शासनाच्या दाव्यावर आपण डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

म्हणून एका रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारातच बसलो. आमच्या शहरातील एका सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ निवडले आणि पाच जणांना विनंती केली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी, सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका, एक अंगणवाडी सेविका, एक रिक्षाचालक आणि कायद्याचे शिक्षण घेणारा एक दृष्टिहीन विद्यार्थी. प्रत्येकाच्या हाती त्याचा स्वतःचा मोबाईल. त्या विद्यार्थ्याने स्क्रीन रीडर असलेला आपला लॅपटॉप आणला होता. कामे साधी दिली. महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' ग्रंथालयात आहे का ते शोधा. अनामत रक्कम किती ते सांगा. सभासदत्वाचा अर्ज काढा. ग्रंथालय रविवारी उघडे असते का ते पाहा.

ही रीत माझी नाही. संकेतस्थळे तपासणारे जाणकार जगभर असेच करतात. माणसाला काम द्यायचे, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे आणि आपण गप्प बसून टिपून घ्यायचे. मदत करायची नाही, बोट दाखवायचे नाही. या रीतीचा एक नियम फार मोलाचा आहे : परीक्षा संकेतस्थळाची असते, माणसाची नसते. माणूस अडला तर नापास संकेतस्थळ होते.

हा नियम पहिल्यांदा मोडला तो मीच. काका अडखळले आणि "काका, वर तीन रेघा आहेत ना, तिथे दाबा" असे मी बोलून गेलो. कोर्टात साक्षीदाराला उत्तर सुचवणारा वकील जे करतो तेच मी केले. साक्ष बिघडली. तेव्हापासून मी हाताची घडी घालून बसलो.

मुलीने देवनागरीत 'गुलामगिरी' टाइप केले. उत्तर आले : शून्य नोंदी. मग तिने लेखकाचे नाव देवनागरीत टाकले. पुन्हा शून्य. इंग्रजी लिपीत टाकायचे तर फुले हे आडनाव 'पीएच'ने लिहायचे की 'एफ'ने, येथून सुरुवात. तीन मिनिटांनी ती म्हणाली, "नाहीये त्यांच्याकडे." दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या ग्रंथालयात गेलो. 'गुलामगिरी' कपाटात होते, एक नव्हे तर तीन प्रती होत्या. सूचीत नोंदही होती, परंतु ती इंग्रजी अक्षरांत केलेली. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मराठी ग्रंथालयात मराठी अक्षरांत शोधला तर सापडत नाही! पुस्तक आहे, वाचक आहे, आणि दोघांच्या मध्ये उभे राहून संकेतस्थळ सांगते की पुस्तक नाही.

मराठी नोंदी असल्या तरी गोष्ट संपत नाही. अनेक ठिकाणी जुन्या नोंदी युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये केलेल्या आहेत. त्या डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाला ती मराठी कळत नाही. युनिकोडमध्येही 'आ' हे एकच अक्षर म्हणून लिहिता येते, तसेच 'अ'ला काना जोडूनही लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखे, शोधयंत्राला मात्र वेगळे. नोंद एका तऱ्हेने आणि शोध दुसऱ्या तऱ्हेने, असे झाले तर खुद्द 'आंबेडकर' हे नावही सापडणार नाही. हे दोष दूर करता येतात, पण आधी ते कोणाच्या तरी लक्षात यायला हवेत.

दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण निराळी होती. सभासदत्वाचा अर्ज आणि अनामत रकमेचा तक्ता म्हणजे स्कॅन करून चढवलेली चित्रे. स्क्रीन रीडर शब्द वाचतो, चित्रातला मजकूर त्याला वाचता येईलच असे नाही. येथे तर तो "ग्राफिक" एवढेच बोलून थांबला. पुढे कॅप्चा आला, म्हणजे वेडीवाकडी अक्षरे पाहून भरण्याचा रकाना. त्याला ध्वनीचा पर्याय नव्हता. जो मुलगा कायद्याची जाडजूड पुस्तके ऐकून अभ्यास करतो, तो ग्रंथालयाच्या दारात एका चित्रापाशी अडला.

पण मला सर्वात जास्त लागले ते काकांचे बोलणे. चौथ्या प्रयत्नानंतर त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझंच चुकतंय. आपलं शिक्षण कमी." हेच काका दर महिन्याला मोबाईलवरून मुलीला पैसे पाठवतात, नातवाशी व्हिडिओवर बोलतात, रेल्वेचे तिकीट काढतात. तेथे त्यांचे शिक्षण कमी पडत नाही. मग ग्रंथालयाच्या पानावरच का पडावे? कारण उघड आहे. नफा कमावणाऱ्या कंपनीला एक गिऱ्हाईक परत गेले तरी तोटा होतो, म्हणून ती आपले पान माणसे बसवून पुन:पुन्हा तपासते. सार्वजनिक ग्रंथालयातून वाचक परत गेला तर कोणाचा पगार कापला जात नाही.

चूक व्यवस्थेची आणि मान खाली घालायची आपण! हजारो वर्षे आपल्याला हेच शिकवले गेले की तुम्हाला जमत नाही, कारण तुमची ती पात्रता नाही. अक्षराच्या दारातून आपल्याला हाकलून दिले आणि वर आपल्यालाच अडाणी म्हटले. आज कोणी तसे तोंडावर म्हणत नाही. पडद्यावरचे 'शून्य नोंदी' पाहून आपला माणूस ते स्वतःच स्वतःला म्हणतो. म्हणूनच ही तपासणी आपल्या वस्तीत व्हायला हवी. परीक्षा संकेतस्थळाची आहे, हे काकांना समजावले तेव्हा ते पुन्हा मोबाईल घेऊन बसले आणि त्यांनी आणखी दोन दोष दाखवून दिले.

कोणी म्हणेल, पाच माणसांवरून काय सिद्ध होते? या विषयातील जाणकार जेकब नीलसन यांनी २००० साली मांडले की पाच जणांची तपासणीदेखील बहुतेक मोठे दोष उघडे करायला पुरते. मात्र वापरणारे एकमेकांहून फार वेगळ्या गटांतील असतील, तर प्रत्येक गटातील माणसे घ्यावी लागतात, हेही ते सांगतात. खरा मुद्दा येथेच आहे. पाच पुरतात, पण ते पाच कोण? कार्यालयातील पाच बाबू मोठ्या संगणकावर इंग्रजीत शोध घेऊन "चालते" म्हणतील, तर ते त्यांच्यापुरते चालते.

दुसरा आक्षेप असा की लोकांनी आधी संगणक शिकावा. जरूर शिकावा, आपण तसे वर्गही घ्यावेत. पण दाराचा उंबरठा कमरेएवढा बांधायचा आणि येणाऱ्याला उडी मारण्याचे शिक्षण द्यायचे, याला लोकशिक्षण म्हणत नाहीत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिला पुस्तके वापरण्यासाठी असतात हा, आणि चौथा वाचकाचा वेळ वाचवावा हा. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात तर पुस्तके पेट्यांत भरून गावोगाव पाठवली जात. तेव्हा ग्रंथालय वाचकाच्या दारी जात होते. आज वाचक दारात आला तरी त्याला आत जायची वाट दिसत नाही.

आता कायद्याचे पाहू. संकेतस्थळ वापरायला अवघड आहे म्हणून संविधानाच्या कलम १५ चा भंग झाला, असे मी वकील म्हणून म्हणणार नाही. पण आपल्या हाती पुरेशी कलमे आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती जनतेला सहज मिळेल अशा स्वरूपात द्यायची आहे आणि तसे करताना स्थानिक भाषेचा विचार करायचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील माहिती दिव्यांगांना वापरता यावी यासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे मानक नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वेही २००९ पासून आहेत. कायदा आहे. तो वापरणारा माणूस हवा.

आम्ही आमची टिपणे ग्रंथपालांना नेऊन दिली. त्यांनी ती मोकळेपणाने वाचली, हे मान्य केले पाहिजे. ते म्हणाले, संकेतस्थळ कंत्राटदाराने बनवले, बिल मंजूर झाले, ते वाचकाला वापरता येते का हे कोणी विचारलेच नाही. महिन्याभरात अर्ज वाचता येईल अशा मजकुरात आला आणि वेळापत्रक पहिल्या पानावर लागले. देवनागरीतील शोध मात्र अजून तसाच आहे, कारण त्याला पैसे लागतात आणि कंत्राटात ती अटच नाही.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची निविदा निघते तेव्हाच तीत अट घाला : अंतिम बिल देण्यापूर्वी वेगवेगळ्या थरांतील प्रत्यक्ष वाचक बसवून तपासणी होईल, त्यांत दृष्टिहीन वाचक असतील, मोबाईलवर मराठीत शोधणारे असतील, आणि निष्कर्ष त्याच संकेतस्थळावर जाहीर केला जाईल. जोवर हे होत नाही, तोवर कागदी अर्ज आणि खिडकीवरचा माणूस काढून घेता येणार नाही.

आणि हे बोट आपल्याकडेही वळले पाहिजे. आपल्या संघटनांची, आपल्या विहारांतील वाचनालयांची जी संकेतस्थळे आहेत, ती आपण कधी अशी तपासली? तेथेही स्कॅन केलेली पत्रके आणि न उघडणारे दुवे आहेतच.

येत्या २० मार्चला आपण महाडच्या क्रांतीला अभिवादन करूच. त्या आठवड्यात प्रत्येक विहाराने एक तास काढावा. पाच माणसे, पाच मोबाईल, आपल्या गावच्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ आणि एक वही. शोधायला 'गुलामगिरी'च द्या. कोण कोठे अडले ते त्याच्याच शब्दांत लिहा, तारीख घाला, सह्या करा आणि ग्रंथपालांना देऊन पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते सांगायला आम्ही वकील मंडळी आहोतच. फक्त तपासताना मध्ये बोलू नका. मी बोललो होतो, म्हणून सांगतो.